वीतभर डिझेल

लवू पाष्टेशी मी बारा वर्षं भांडलो. भांडणाचा विषय एकच, इंजिन. मी रत्नागिरीच्या हायस्कुलात पदार्थविज्ञान शिकवणारा, मोटारींची जुनी इंग्रजी मासिकं रद्दीतून जमवणारा माणूस. तो चौथी पास मिस्त्री, हातखंब्याच्या तिठ्यावर पत्र्याच्या शेडमध्ये बसणारा. यावरून मीच जिंकत असेन असं तुम्हाला वाटलं तर वाटू दे. मी एकदाही जिंकलो नाही, आणि शहाऐंशीच्या मे महिन्यात तर चारचौघांत हरलो. त्या हरण्याचा मला अजून आनंद होतो.

लवू मूळचा पालीजवळच्या एका वाडीतला. चौदाव्या वर्षी मुंबईला गेला आणि ग्रँट रोडच्या एका गॅरेजात चिकटला. तिथे शेटलोकांच्या लांबलचक अमेरिकन गाड्या यायच्या. बावीस वर्षं त्याने त्यांची पोटं उघडली आणि शिवली. आई अंथरुणाला खिळली म्हणून गावी आला, तो परत गेलाच नाही. हातखंब्याला त्याच्या वाट्याला आले ट्रक आणि जीपगाड्या. अमेरिकन गाडी अख्ख्या पंचक्रोशीत एकच, आप्पा आठल्यांची. आप्पा आंब्याचे बागायतदार, हौशी माणूस. चौऱ्याहत्तर साली त्यांनी मुंबईहून दुधी रंगाची इम्पाला आणून लवूच्या दारात उभी केली. लवूची बायको हौसा मला सांगायची, "मास्तर, आमच्या लग्नात पन ह्यो येवडा हसला नव्हता."

माझं म्हणणं साधं होतं. इंजिनात हवा-पेट्रोल आत घेणारी आणि धूर बाहेर सोडणारी झाकणं असतात, ती वॉल्व्ह. ती उघडायला उंचवटे असलेला एक दांडा फिरत असतो, तो कॅमशाफ्ट. युरोपातल्या शहाण्यांनी हा दांडा थेट वर, वॉल्व्हच्या डोक्यावर नेऊन बसवला. जपान्यांनी तेच केलं आणि वर सगळं खेळण्याएवढं लहान केलं. अमेरिकन मात्र दांडा खाली पोटात ठेवतो आणि तिथून लांब सळ्यांनी वॉल्व्ह ढकलत बसतो. या सळ्यांना म्हणायचं पुशरॉड. फुकटचं वजन नाचवायचं, मग इंजिन जोरात फिरणार कसं? एका लिटरमागे किती ताकद निघते याचा तक्ताच मी एकदा लवूपुढे ठेवला.

त्याने तक्त्यावर चहाचा कप ठेवला. "मास्तर, आंबा दोन तऱ्हेनं उतरवतात. गडी झाडावर चडतो नि हातानं काडतो. नायतर खाली उबा ऱ्हातो नि घळीनं काडतो." घळ म्हणजे लांब बांबूला पुढे जाळी, आमच्याकडे घरोघरी असते. "जपानी नि जर्मन चडलेत झाडावर. काम झटपट, मी नाय म्हननार नाय. पन दोन बाजूला झाडां असली की दोन गडी चडवायला लागतात. माजा अमेरिकन मदी उबा ऱ्हातो नि दोनी बाजूची झाडां उतरवतो. येक गडी, सोळा घळी. वर टाळक्यावर बिऱ्हाड नाय, म्हनून येवडं मोठं इंजिन पन बुटकं ऱ्हातं. तुमी लिटर मोजता, बानेटखालची जागा कोन मोजनार?"

इम्पालाचं इंजिन आठ सिलिंडरचं, चार इकडे चार तिकडे, आणि मधोमध एकच कॅमशाफ्ट. उदाहरण चपखल होतं, त्यामुळे मी जास्तच चिडलो. म्हणालो, "मी युरोपच्या बाजूचा माणूस आहे. माझी फियाट बघा."

त्याने शांतपणे माझ्या फियाटचं बॉनेट उघडलं, वरचं झाकण काढलं आणि बोट दाखवलं. "आठ हायत," तो म्हणाला. माझ्याच गाडीत पुशरॉड! सहा वर्षं मी ती चालवत होतो आणि झाकणाखाली कधी डोकावलो नव्हतो. तिठ्यावरच्या चहावाल्यापर्यंत ही बातमी पोचायला पाच मिनिटं लागली.

शहाऐंशी साली मात्र गंमत संपली. इम्पाला दमली होती. इंजिन टकटक वाजायचं, चढावर मान टाकायची. आप्पांचे जावई श्यामराव मुंबईहून आपली जर्मन गाडी घेऊन आले होते, स्वभावाने चांगले पण हिशेबी. त्यांनी आप्पांना पटवलं, की हे पेट्रोल पिणारं धूड काढून टाका आणि डिझेल इंजिन बसवा, मुंबईत सगळे तेच करतात. डिझेल इंजिन येऊन आप्पांच्या मांगरात, म्हणजे बागेतल्या कोठारात, पडलंसुद्धा. आंबा संपला की लवूनेच जुनं काढून नवं बसवायचं, असं ठरलं.

निरोप ऐकून लवू म्हणाला, "मास्तर, माज्याच हातानं?" साठीचा माणूस, डोळे भरून आले होते. "ह्ये गेलं की मना जे काम येतं ते कोनाला लागनार? मग मी नुसता पाना फिरवनारा." बारा वर्षांत पहिल्यांदा मला त्याच्याशी वाद घालवेना. मीच त्याला घेऊन आप्पांकडे गेलो.

लवूने आठ दिवस मागितले. "आठ दिवसांनी जावयबापूंची गाडी, लीलाबाई डाक्टरांची ती नवी जपानी, नि आपली. बावनदीच्या पुलापास्नं निवळीचा घाट चडायचा. टॉप गिअरमदी. गिअर बदलायचा नाय, क्लच दाबायचा नाय. जी थांबली ती हरली. आपली हरली तर मी सोता इंजिन काडतो, मजुरी नको."

श्यामराव हसले. "मिस्त्री, शर्यत वेगाची असते."

"वेगात तुमची पुडं जाईल, मी आत्ताच लिवून देतो. पन आप्पांना पेट्या घिऊन घाट चडायचा असतो. ओढनार कोन ते बगू."

आप्पांनी मांडीवर थाप मारली. "होऊन जाऊ दे!"

लवूने इंजिन उघडलं तेव्हा मी तिथेच होतो. सोळा घळी, म्हणजे त्या पुशरॉड, त्याने एकेक करून काढल्या आणि आंब्याच्या पेटीच्या झाकणाला सोळा भोकं पाडून त्यांत उभ्या केल्या, आठ आणि आठ. प्रत्येक घळ जिथली तिथेच परत गेली पाहिजे, कारण तिचं टोक आपल्याच जोडीदारावर घासून घासून बसलेलं असतं. त्याने भिंग लावून टोकं पाहिली आणि त्याचा चेहरा लाल झाला. दोन वर्षांपूर्वी इम्पाला एका लग्नासाठी मुंबईला गेली असताना तिथे कोणीतरी इंजिन उघडून घळींची सरमिसळ केली होती. "बाराची चाराला, चाराची नवाला! आंधळ्यानं क्येलंय," तो ओरडला. या घळी आतून पोकळ असतात, त्यांतून तेल वर चढतं. तीन बुजल्या होत्या, त्या त्याने छत्रीच्या काडीने साफ केल्या. झिजेच्या खुणा जुळवून पंधरांना आपापलं घर सापडलं. सोळावी वाकली होती, आणि सरळ करताना तिला तडा गेला.

इम्पालाची घळ रत्नागिरीत कुठून मिळणार? मुंबईहून मागवायची तर पंधरा दिवस. आम्ही दोन दिवस वणवण केली. तिसऱ्या दिवशी मिरकरवाड्याच्या बंदरावर, जिथे मच्छीमार बोटींची इंजिनं दुरुस्त होतात, लवू भंगाराच्या ढिगाशी थबकला. त्याने एक नळी उचलली, डोळ्याला लावून तिच्यातून आभाळ पाहिलं आणि हसला. मला काहीच कळलं नाही. तिथल्याच लेथवर त्याने ती मापात कापली, दोन्ही टोकांना पोलादी गोळ्या बसवल्या, तापवून कडक केल्या. नळी कसली, हे काही तो सांगेना.

आठव्या दिवशी सकाळी बावनदीच्या पुलावर शंभरेक माणसं होती. लीलाबाई आपल्या छोट्या लाल गाडीत, सोबत दवाखान्यातल्या तीन नर्सा. श्यामरावांच्या जर्मन गाडीत चौघे. इम्पालात लवू, आप्पा, मी, मागे हौसा, आणि डिकीत आंब्याच्या दहा पेट्या. पेट्या लवूने आपणहून चढवल्या होत्या.

लाल गाडी पहिल्याच वळणावर थरथरली आणि थांबली. लीलाबाई खिडकीतून हात हलवत ओरडल्या, "तिच्यावर रागवू नका हो, लिटरला वीस किलोमीटर देते!" श्यामरावांची गाडी पुढे होती. सपाटीला ती सुरेख धावली होती, पण इंजिनाचे फेरे कमी झाले की तिचा दम जाई. तिसऱ्या वळणावर तिने आचके दिले, श्यामरावांनी मान हलवली आणि गाडी कडेला घेतली.

आता आम्ही एकटे. तेवढ्यात समोरून एसटी उतरली, ऐन वळणात. लवूला पाय काढावाच लागला. गाडी सायकलच्या वेगाला आली, स्टिअरिंग थरथरायला लागलं, आप्पांनी डोळे मिटले. माझा हात गिअरकडे जातोय असं मलाच वाटलं. लवूने पेट्रोल दिलं, अगदी थोडं, लहान मुलाला भरवतात तसं. इंजिन खालच्या आवाजात हुंकारलं आणि त्या दहा पेट्या, चार माणसं आणि दोन टन लोखंड उचलून चालायला लागलं. टकटक नाही, धाप नाही. हौसा मागून ओरडली, "चल गो बाय, चल!" आणि मी, युरोपच्या बाजूचा माणूस, डॅशबोर्डवर बुक्क्या मारत ओरडत होतो, "घळी! घळी!"

निवळीला पोचलो तेव्हाही मी ओरडतच होतो. मागून ट्रकमध्ये बसून सगळा गाव आला. श्यामराव पायी चालत आले, लवूचा तेलकट हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, "मिस्त्री, मी चुकलो." मला ते फार आवडले.

आप्पा गाडीभोवती एक फेरी मारून आले. चेष्टेची सवय कुठे जाते. म्हणाले, "लवू, पण आता मी सगळीकडे सांगून बसलोय, की गाडीत डिझेल घालणार म्हणून. माझ्या शब्दाचं काय?"

"घातलंय की, आप्पा," लवू म्हणाला. "ती सोळावी घळ. बोटीच्या डिझेल इंजिनाची नळी हाय ती." त्याने अंगठा आणि करंगळी ताणून दाखवली. "वीतभर."

मांगरातलं ते डिझेल इंजिन पुढे आप्पांच्या बागेत विहिरीवर बसलं. बसवलं लवूनेच, आणि मजुरी घेतली दुप्पट.