चार मिनिटं लिफ्ट बंद

नवव्या मजल्यावरच्या भिंगरीचं समोरच्या इमारतीत कुणाशी तरी जुळलंय, ही बातमी आधी तळमजल्याला कळली आणि मग लिफ्टनं वर गेली. पुरावा भक्कम होता. बायको दुपारी कामाला गेली की हा संध्याकाळी गच्चीवर जातो आणि अंधार पडला की तोंड पाडून खाली येतो. तिसऱ्या मजल्यावरच्या हेडमास्तरांनी एकदा मागोमाग जाऊन खात्रीच करून घेतली. बघतात तो काय, तीन पायांच्या स्टँडवर कॅमेरा, त्याच्या डोळ्यावर काळी काच, आणि भिंगरी घड्याळ बघत येरझाऱ्या घालतोय. समोर बाई नाही न् बुवा नाही; नुसतं शहर आणि बुडता सूर्य.

तोंड पडायचं कारण निराळंच होतं. फोटो हलत होते.

भिंगरी हे नाव त्याच्या सासूनं ठेवलेलं. मुलगी बघायला आला तेव्हा तासाभरात चार खुर्च्या बदलल्या होत्या त्यानं. पुढे लिफ्ट दुरुस्तीचं काम लागलं, म्हणजे पायाला चाक होतंच, वर दोरही मिळाला. असा माणूस चार-चार मिनिटं शटर उघडं ठेवायच्या नादी लागला तो बायकोपायी. ती हॉस्पिटलच्या टेलिफोनवर बसते. खोलीला खिडकी नाही, नाकासमोर भिंत. आपल्या गच्चीवरची संध्याकाळ त्या भिंतीवर लावायला मिळाली तर डोळे तरी निवतील, असं ती एकदा जेवताना बोलून गेली. झालं. भिंगरीनं मेव्हण्याचा जुना कॅमेरा उचलून आणला. एवढा वेळ शटर उघडं राहिलं की ढगांचे पट्टे होतात, गाड्यांच्या दिव्यांच्या रेघा होतात, आणि हलत नाही तेवढंच ठसठशीत उरतं, हे मेव्हण्यानं समजावलं होतं. याच्या फोटोत मात्र दगडी इमारतीसुद्धा थंडी वाजल्यासारख्या यायच्या.

त्यात वेळ थोडा. पाण्याची टाकी आणि घड्याळाचा मनोरा यांच्या मधल्या फटीत सूर्य उतरायचा, आणि नेमकी त्याच फटीत एक नवी इमारत वर चढत होती. दर दहा दिवसांनी एक स्लॅब. भिंगरीची झोप उडाली. जेवताना पाय एवढा हलायचा की शेजारच्या ताटातला चमचा वाजायचा. दोष कधी वाऱ्याला, कधी कबुतरांना, कधी मेव्हण्याला. बायको म्हणाली, "माझ्या भावाला कशाला बोलतोस? स्वतःचा पाय बांधून बघ." त्यानं खरंच एक दिवस पाय खुर्चीला बांधला. फोटो हललाच.

उद्याच्या उद्या फटीसमोर पुढच्या स्लॅबच्या फळ्या चढणार असं बांधकामाच्या मुकादमाकडून कळलं, त्याच्या आदल्या संध्याकाळची गोष्ट. भिंगरीनं चहाचा कप स्टँडपाशी खाली ठेवला. कुणीतरी लिफ्टचं बटण दाबलं आणि चहात वर्तुळं उमटली. तो बघतच राहिला. फट दिसायची एकाच कोपऱ्यातून, म्हणून महिनाभर स्टँड उभा होता तो लिफ्टच्या मशीनच्या खोलीला खेटून. मोटर सुरू झाली की गच्ची थरथरायची. कुणाच्याही पायाला ते कळलं असतं, एक भिंगरी सोडून. सव्वीस वर्षं मोटरीशेजारी काढलेल्या माणसाला थरथर म्हणजेच जमीन वाटत होती.

सूर्य अजून दोन बोटं वर होता. सगळी इमारत पिशव्या घेऊन घरी परतायची तीच वेळ. त्यानं खाली जाऊन "दुरुस्ती चालू" अशी पाटी लावली, रिकामी लिफ्ट वर आणली आणि मेन स्विच खाली ओढला. शटर उघडलं. मिनिटभर झालं असेल नसेल, तो जिन्याच्या दारात बायको. फटीतला शेवटचा सूर्य बघायला तिनं याला न सांगता अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती आणि नऊ मजले गुडघ्यांना शिव्या देत चढून आली होती. धापा टाकत ती सरळ पुढे गेली आणि कठड्याजवळच्या पायरीवर बसली, बरोब्बर कॅमेऱ्यासमोर. भिंगरी तिच्या पुढ्यात जाऊन नाचला, ऊठ म्हणाला, सरक म्हणाला, हात जोडले.

"सूर्य हलेल एक वेळ," ती म्हणाली, "मी नाही."

फोटो आला तो असा. टाकी, मनोरा, खिडकी न् खिडकी सुईनं कोरल्यासारखी. मध्ये बायको पाठमोरी, जराशी पारदर्शक. तिच्या खांद्यातून मनोऱ्याचं घड्याळ दिसतंय. भिंगरीचा मागमूस नाही. दुसरा फोटो काढायला सूर्य उरला नव्हता, आणि सकाळी फळ्या चढल्या.

आता ड्युटीवर रोज स्वतःच्याच पाठीकडे बघत बसू का, असं बायको बरंच करवादली आणि जाताना पर्समध्ये फोटो, खिळा न् हातोडी टाकून गेली.

हेडमास्तर जिने चढून तापलेले होतेच. चष्मा पुसून त्यांनी फोटोचा कोपरा न् कोपरा तपासला होता. "वहिनी म्हणतात, तुम्ही मध्ये नाचत होतात म्हणून सूर्य दिसलाच नाही," ते म्हणाले. "आणि फोटोत तर तुम्ही कुठेच नाही. खरं कुणाचं धरायचं?"

"कॅमेऱ्याला मी चार मिनिटांत दिसलो नाही," भिंगरी म्हणाला. "हिला तीस वर्षं मी दुसरं काही दिसूच दिलेलं नाही."