नगाऱ्याचं रान

बदली झाली की आम्हाला चार्ज द्यावा लागतो. दप्तर, शिक्के, रजिस्टरं, कपाटाच्या किल्ल्या, सगळं यादीवर सही करून नव्या माणसाच्या हवाली. किस्स्यांचा चार्ज मात्र कुणी घेत नाही! ते आपल्याबरोबरच बदलून येतात. माझ्याकडे अशी बरीच गावं साठलीत, पण कळंबच्या अलीकडचं एक गाव काही केल्या उतरत नाही. तिथं मी साडेतीन वर्षं तलाठी होते. आता हुद्द्याचं नाव बदललंय म्हणे, पण गावाला मी कायम तलाठीणबाईच.

त्या गावात भैरवनाथाचं रान आहे. कुठल्याशा राजानं देवाला दिलेलं. त्यातला एकेक तुकडा एकेका घराकडे. एका घरानं नगारा वाजवायचा, एकानं पालखीपुढं दिवटी धरायची. रान कसायचं, पीक खायचं, बदल्यात सेवा करायची. विकायचं नाही, गहाण टाकायचं नाही, आणि सेवा सुटली की रान सुटलं. राजा गेला, इंग्रज गेले, सेवा काही कुणाची सुटली नाही!

नगाऱ्याचं दीड एकर धोंडीतात्यांकडे. वय पंचाहत्तरीच्या पुढं, बायको वारलेली, एकुलती लेक सोमेश्वरनगरला दिलेली. त्या दीड एकरातल्या उसावर तात्यांची भाकरी. रोज सकाळी सहा आणि संध्याकाळी सात, देवळाच्या दारावरच्या नगारखान्यात नगारा.

*

शेतकरी ओळखपत्राचा कॅम्प लागला होता. तात्या उतारा घेऊन रांगेत. ऑपरेटर नवीन पोरगा, बारामतीचा. त्यानं उतारा बघितला. खातेदार: श्री भैरवनाथ देव.

"आजोबा, हे खातेदार कुठं आहेत? आधार घेऊन त्यांना बोलवा. अंगठा लागंल."

मी तोंडावर पदर धरला. तात्या मात्र गंभीर. थोडा विचार करून म्हणाले, "देव असा कवाबी भाईर निगत न्हाय, साहेब. चैत्रात यात्रेला निगतो. तवर कॅम्प हाय का?"

*

दिवटीचं रान सुरेशकडे. तो बारामतीच्या एमआयडीसीत, गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत. यात्रेच्या आधी त्यानं रजेचा अर्ज टाकला. कारण लिहिलं: "देवाला उजेड दाखवायचा आहे."

मॅनेजरनं केबिनमध्ये बोलावलं. "का रे, तुमच्या गावात लाईट नाही का?"

"हाय की साहेब. हायमास्ट हाय देवळाफुडं."

"मग?"

"लाईटला रान दिल्यालं न्हाय. आमाला दिलंय."

एक दिवसाची रजा मिळाली, बिनपगारी. त्या झगझगीत हायमास्टखाली घामाघूम होऊन दिवटी धरलेला सुरेश मी स्वतः पाहिलाय. हसू आलं होतं खरं, पण तो हसत नव्हता.

*

हा किस्सा मला तात्यांच्या लेकीनं सांगितला, शोभानं. तिचं लग्न सोमेश्वरनगरला, मुलाच्या दारात. अक्षता पडल्या, पंगती बसल्या आणि नवरीचा बाप गायब!

व्याह्यांनी मांडव पालथा घातला. शेवटी शोभाची आई हळूच म्हणाली, "ते गेलं. सातला नगारा असतोय."

व्याही भडकले. "रुसून गेला म्हणा की! मानपानात कमी पडलं आसंल आमचं!" चार दिवसांनी ते स्वतः मोटरसायकलवर गावात हजर. सातला देवळात उभे राहिले. नगारा संपला, तात्या घाम पुसत खाली आले, तर व्याह्यांनी हात जोडले. "व्याही, तुमी न्हाय रुसला. ह्यो देवच लई कडक हाय!"

शोभा हे सांगताना हसत होती. हसता हसता म्हणाली, "मॅडम, पाठवणीला माझ्या डोक्यावर हात ठेवायला आईच होती फक्त. तात्या आमच्याकडं एक रात्र कधी राहिले नाहीत."

*

मग मशीन आलं. पुण्यात नोकरीला असलेल्या मंडळींनी हौसेनं देवळाला भेट दिलं. मोटरीवर चालणारा नगारा, झांजा, घंटा, सगळं एकाच चौकटीत. वर टायमर. सहा आणि सात वाजले की आपोआप सुरू! वाईट हेतू कुणाचाच नव्हता. उलट तात्यांना हार घालून म्हणाले, "तात्या, आता आराम करा."

तात्यांनी हार देवाला घातला आणि टिपऱ्या हातात घेतल्या. मशीन सुरू, तात्याही सुरू. मशीन थांबलं, तात्या आणखी दोन मिनिटं वाजवत राहिले. खाली उतरल्यावर मी विचारलं, "दमलात?"

"मी दमलो. त्येला दमच लागत न्हाय, बाई. त्येला रान बी लागत न्हाय."

*

दीड एकर रस्त्याला लागून होतं. तेव्हा अर्ज येणारच होता, तो आला. 'नगाऱ्याची सेवा बंद असून यंत्र वाजते, सबब जमीन काढून घ्यावी.' वरून मला पत्र: समक्ष पाहणी करून पंचनामा सादर करा.

मी संध्याकाळी गेले. दोन पंच घेतले. सातला मशीन सुरू झालं आणि देऊळ दणाणलं. तात्या वर उभे. त्यांच्या टिपऱ्या वरखाली होताना दिसत होत्या, कानाला मात्र मशीनच. पंच जमिनीकडे बघत उभे. एकानंही मान वर करून तात्यांकडे पाहिलं नाही. उद्या रस्त्याकडेला कुणाचे गाळे होतील हे त्यांना माहीत असावं.

सुरेश माझ्या कानाशी येऊन ओरडला, "मॅडम, मशीन बंद करून ऐका की एकदा!"

मला बारामतीची गाडी गाठायची होती. आणि खरं सांगू का, पंचांसमोर वाद नको होता. मी लिहिलं: 'नगारा यंत्राद्वारे वाजत असल्याचे दिसून आले. वहिवाटदार समक्ष हजर होते.' एक अक्षर खोटं नव्हतं. म्हणूनच ते जास्त लागतं. पाच मिनिटं बटण बंद करायला काय झालं होतं मला?

*

ऑर्डर आली, ती बजावायलाही मीच. आपणच लिहायचं आणि आपणच नेऊन द्यायचं, अशी ही नोकरी. मुद्दाम उन्हं कलल्यावर गेले, कुणी बघायला नको म्हणून.

तात्यांनी चूल पेटवली, चहाचं आधण ठेवलं. "वाचा," म्हणाले.

मी वाचलं. सेवा खंडित झाल्याने सदर जमीन देवस्थानच्या ताब्यात घेण्यात येत आहे, वगैरे वगैरे.

"खंडित म्हंजी मधी सुटली, न्हवं?"

"हो तात्या."

तात्या चुलीत काटकी सारत म्हणाले, "हिला बारामतीला दवाखान्यात ठिवली व्हती. डॉक्टर म्हणलं, आज कुणीतरी थांबा हितं. शोभीला फोन केल्ता, ती निगाली व्हती. मी आपला बसलो. तर हीच मला म्हणती, उठा आता, नगारा ऱ्हाईल. म्हणलं, आजच्या दिस ऱ्हाऊ दे. तर म्हणती, जावा वो, मी काय पळून चाललीय व्हय?"

चहा उतू गेला. त्यांनी पातेलं खाली घेतलं.

"चारच्या यष्टीनं आलो. सातला नगाऱ्यावर हात व्हता माझा. पोरगी पोचायच्या आत ही गेली. जवळ कुणी सुदीक न्हवतं."

पंचनामा माझ्याच अक्षरातला, ऑर्डरला जोडलेला, मांडीवर होता.

"कुठं करू सही?" तात्यांनी विचारलं.

मी बोट ठेवलं. त्यांनी एकेक अक्षर जोडत सही केली, पेन माझ्या हातात दिलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. सात वाजायला दहा मिनिटं होती. ते गुडघ्यावर हात टेकून उठले, कोनाड्यातल्या टिपऱ्या घेतल्या.

"बसा बाई, चा घ्या तवर. आलोच वाजवून."