डावा हात खिशात

आई-वडिलांनंतर मी सर्वांत जास्त ऋणी आहे तो साईंचा. उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये, जीन्स शिवणाऱ्या गाळ्यांच्या रांगेत या सिंधी साईंचं, म्हणजे मालकांचं, दुकान होतं. डावा हात पँटच्या खिशात घालून एकट्या उजव्या हाताने काम करणारा जाड भिंगांच्या चष्म्याचा माणूस त्या गल्लीतून जाता-येता तुम्हीही पाहिला असेल. नवं गिऱ्हाईक हमखास विचारायचं, "साईं, हाताला लागलंय का?"

"लागू नये म्हणून," साईं म्हणायचे.

ते गिटारचा आवाज मोठा करणारे अ‍ॅम्प बनवायचे. जुन्या काळी परदेशात जुन्या रेडिओसारखे काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारे, ट्वीड नावाचं पिवळसर जाड कापड चिकटवलेले, प्रवासी पेटीसारखे दिसणारे अ‍ॅम्प निघत. आता ते सहसा मिळत नाहीत, म्हणून छोटे कारागीर त्यांच्या नकला करतात. साईंची नक्कल शेजारच्या गाळ्यातल्या जाड कापडाची असे. त्यावर लाखेचा हात फिरवून ते पिवळेपणा आणायचे.

मी बदलापूर गावातला. आमच्या घरातला पहिला पदवीधर. पहिल्या दिवशी साईंनी माझं प्रमाणपत्र दोन्ही बाजूंनी पाहिलं.

"बी.एस्सी. इलेक्ट्रॉनिक्स. म्हणजे भीती शिकवली नसणार."

त्यांनी एका अ‍ॅम्पची वायर माझ्यादेखत काढली, मागची फळी उघडली आणि लाकडी मुठीचा स्क्रू-ड्रायव्हर आत टेकवला. फट् आवाज होऊन निळी ठिणगी उडाली. मी स्टुलावरून उठलोच.

"बंद आहे, पण मेलेला नाही," ते म्हणाले. "आत चारशे व्होल्ट बसून राहतात. दोन्ही हात घातलेस तर एका हातातून शिरून दुसऱ्यातून निघतात, वाटेत काळीज लागतं. डर लगा?"

"हो, साईं."

"अच्छा है, पुट. ज्या दिवशी नाही लागणार, त्या दिवशी घरी बस."

पुट म्हणजे सिंधीत मुलगा. आई-वडिलांशिवाय मला कुणी मुलगा म्हटलं नव्हतं.

लोक दोन-तीन कारागिरांच्या नकला घेऊन यायचे, त्यातली कोणती खरी वाटते ते ठरवायला. साईं त्या नकला शेजारच्या शिलाई मशीन चालू असतानाच ऐकायचे. "शांततेत सगळेच गोड बोलतात," म्हणायचे. मग "हा नाकातून बोलतो" किंवा "हा आवाज वाढवला की रडतो" असा निकाल द्यायचे. स्वतःच्या अ‍ॅम्पलाही सोडत नसत.

पण ऐकण्याआधी एक काम ठरलेलं. सगळे अ‍ॅम्प चालू करून त्यांच्या लोखंडी पत्र्यांना मीटरचे चिमटे लावायचे. काटा हलला, तर कुणाच्या तरी पत्र्यात करंट आहे. "पत्र्यातला करंट वायरीतून गिटारच्या तारांत येतो, आणि गिटारवाल्याला दोन्ही हात लागतात. तो बिचारा खिशात कुठला घालणार? त्याच्या वाटची भीती आपण घ्यायची."

एका दुपारी साईं कापड आणायला गेले असताना अंबरनाथचा एक गिटारवाला आला. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवणारा, हसरा पोरगा. त्याच्याकडे दोन महागड्या नकला होत्या आणि संध्याकाळी कार्यक्रम होता. "भाऊ, लवकर ऐकव ना. तुला पण कान आहेतच की!"

मला ते आवडलं. एका नकलेच्या माहितीपत्रकात लिहिलं होतं, 'वायरीपर्यंत हुबेहूब जुन्यासारखा'. मी ते मोठ्याने वाचून दाखवलं. तिच्या वायरीला जुन्यासारख्या दोनच पिना होत्या, अर्थिंगची तिसरी पिन नव्हती. मी ते पाहिलं, आणि सांगायला लाज वाटते, मला कौतुक वाटलं. इतकी महाग वस्तू चुकेल कशाला? मीटर खिळ्यालाच लटकत राहिला.

त्याने त्या दोन पिनांच्या अ‍ॅम्पला गिटार जोडली. दोन सूर वाजवले. मग डावा हात तारांवर ठेवूनच उजव्या हाताने शेजारच्या अ‍ॅम्पचं धातूचं बटण फिरवायला गेला.

तो ओरडला नाही. त्याचा जबडा आवळला गेला आणि तो माझ्याकडे पाहत राहिला. मी त्याला ओढायला हात पुढे केला.

"हात नको लावू!"

दारात साईं होते. त्यांनी काखेतलं कापड टाकलं आणि दाराजवळचा मेन स्विच खाली ओढला. पोरगा गिटारसकट कोसळला. साईंनी त्याच्या छातीवर कान ठेवला. शेजारच्या मशीन धडधडत होत्या, काहीच ऐकू येईना.

"मशीन बंद करो! सब बंद करो!"

गल्ली शांत झाली. त्या शांततेत साईं किती वेळ वाकून होते, मला सांगता येणार नाही. माझ्या डोळ्यांसमोर त्या पोराची आई आली, जिला मी कधी पाहिलंही नव्हतं. मग साईंनी मान हलवली. "चालू आहे."

पोराने डोळे उघडले. "गिटार तुटली का?" त्याने विचारलं. त्याच्या बोटांना चटके बसले होते, एवढंच.

साईं रागावले नाहीत. फक्त विचारलं, "मीटर लावला होतास?"

घरी वडिलांनी साऱ्या आळीला माझ्या नोकरीचं सांगितलं होतं. मी म्हणालो, "हो, साईं. काटा हलला नाही."

त्यांनी मीटर खिळ्यावरून काढला, माझ्या हातात दिला. "फेकून दे. म्हातारा झाला. मीही झालो."

त्यानंतर त्यांनी एकही अ‍ॅम्प उघडला नाही. ओळखीतून मला अंबरनाथच्या एका कारखान्यात तपासणी विभागात चिकटवलं, दुकान बंद केलं आणि मुलीकडे इंदूरला गेले. माझ्या त्या एका 'हो'वर त्यांचा विश्वास होता. तीस वर्षं वापरलेल्या मीटरवर राहिला नाही.

मी अजून डावा हात खिशात घालून काम करतो. सहकारी हसतात. गेल्या आठवड्यात मी साईंना पत्र पाठवलं. ते बोट ठेवून सावकाश वाचतात, म्हणून अक्षर मोठं काढलं.

"साईं, सा. न.

त्या दिवशी मी मीटर लावला नव्हता. मीटर खोटं बोलला नाही, मी बोललो. तुम्ही फेकायला सांगितलेला मीटर मी फेकला नाही. कारखान्यातल्या नव्या मीटरशी कितीदा तरी ताडून पाहिला, काटा बरोबर जागेवर येतो. म्हातारा झालेला नाही. तुम्हीही झाला नव्हतात.

हे लिहिताना खूप भीती वाटते आहे. यावर तुम्ही 'अच्छा है' म्हणाल की नाही, मला माहीत नाही.

मीटर सोबत पाठवतो आहे. सेल नवे घातले आहेत."