डोंग्यावर फोडलेला नारळ

मुलगी पाहायला गेलेल्या माणसाला होडी पसंत करायला सांगतात, असं मी दुसऱ्या कोणाच्या बाबतीत अजून तरी ऐकलेलं नाही.

देश स्वतंत्र होऊन सहा-सात वर्षं झाली असतील. मी वर्ध्याला कचेरीत कारकून होतो आणि अंगाने इतका किरकोळ, की सदरा घातला तरी तो दोरीवर वाळत टाकल्यासारखा दिसे. दोन ठिकाणी नकार येऊन चुकला होता. दुसऱ्या ठिकाणच्या आजीबाईंनी तर तोंडावरच सांगितलं, "पोरगा चांगला हाये, पण वारा सुटला तं याले कुठी शोधाचं?"

मग सूत्रं नामदेवमामांनी हाती घेतली. मामा सिंदी मेघेला वांगी-मेथी पिकवून बाजारात विकत. किडकं वांगंसुद्धा 'गोड असते म्हणूनच किडा लागला' असं सांगून खपवणारा माणूस! भाचा खपवणं त्यांना काय जड? त्यांनी हिंगणीचं स्थळ काढलं. मुलीचे वडील देवरावजी जंगलखात्यातले निवृत्त रेंजर. मिशा भरघोस, आवाज त्याहून भरघोस, आणि हिवाळा लागला की रानबदकांशिवाय दुसरा विषय नाही.

सुमन पोहे घेऊन आली. बशी माझ्या हातात देताना तिने एकदा सरळ माझ्याकडे पाहिलं आणि ओठ दाबून हसू गिळलं. (बशी माझ्या हातात खुळखुळ वाजत होती, हे मला नंतर कळलं.) त्या क्षणी मी ठरवलं, लग्न करीन तर हिच्याशीच. नाही जमलं तर जन्मभर कचेरीतले टाक बोथट करीत बसेन!

इकडे रेंजरसाहेब मामांना आपलं दुःख सांगत होते.

"तलाव हाये मागं. पण नुसती दलदल अन् लव्हाळा. आमचा जुना डोंगा लाकडाचा, ढकलाले चार गडी लागते. गडी बोंबलते, बदकं उडून जाते. मागच्या साली माही कंबर धरली, वेगळीच! मले कसा डोंगा पाह्यजे? लहान, हलका, आवाज न करणारा. जिकडं ढकलला तिकडं गपचूप जाणारा."

"मंग आमचा मनोहर काऊन बसला हाये इथं?" मामा म्हणाले. "पाण्यातला मासा हाये, मासा! तोच पसंत करून आणते तुमच्यासाठी."

मी पोह्यातली मिरची अख्खी गिळली.

"अस्सं?" रेंजरसाहेबांनी मला पहिल्यांदाच नीट पाहिलं. "मंग आणा, मनोहरराव. डोंगा मनासारखा निघाला तं साक्षगंध उरकूनच टाकू. अन् पहिल्या फेरीले तुमीच बसजा माह्यासंग."

बाहेर पडल्याबरोबर मी मामांच्या धोतराचा सोगा धरला. "मामा, मले पोहता कुठी येते? धाम नदीत गुडघ्याच्या वर पाणी आलं का मी रडतो!"

"तुले पोहाचं नाई बाबू, डोंग्याले पोहाचं हाये," मामा शांतपणे म्हणाले.

तेव्हापासून माझी झोप उडाली. कचेरीत मी खुर्चीत बसलो तरी ती डुलते आहे असं वाटे.

पहिली पसंती मामांची. शेजारच्या गुऱ्हाळातली रस कढवायची काहील! "पुरात माणसं हिच्यातच बसून पार होते," मामा म्हणाले. वाडीतल्या हौदात ती सोडून त्यांनी मला आत बसवलं आणि एक धक्का दिला. काहील पुढे गेलीच नाही, जागच्या जागी गरगरली. मामा एकदा समोर दिसत, एकदा मागे दिसत, पुढे पुढे तर दोन दोन दिसू लागले! मला बाहेर काढलं तेव्हा मी मामांना सोडून बैलाला नमस्कार केला. शिवाय ती उचलायला पाच जण लागले. हलकेपणाचा प्रश्न तिथेच मिटला.

मग मी वर्ध्यातल्या एका टिनवाल्या उस्तादांकडे गेलो. ते तेलाचे पिपे कापून डबे, चाळण्या, नसराळी करीत. अट ऐकताच त्यांचे डोळे चमकले. काही दिवसांनी पाहतो तर दुकानासमोर होडी तयार! पिपे उलगडून, पत्र्याला पत्रा कथलाने झाळून केलेली, एका टोकाला चोच काढलेली. उस्तादांनी ती एका हाताने उचलून डोक्यावर टोपीसारखी ठेवली.

"फूल है बाबू, फूल!"

"पाण्यात टाकून पाहू का एकदा?" मी घाबरत विचारलं.

उस्ताद दुखावले. "घागर लेते हो, तो पहले कुएँ में उतरते हो क्या?"

तेव्हा मी भररस्त्यात होडीत बसून पाहिलं. भोवती ही गर्दी जमली! होडी जराही डुलली नाही, पाणीही आत आलं नाही. (रस्त्यावर पाणी नव्हतं, हा मुद्दा त्या आनंदात सुटला.) मी पसंती देऊन टाकली.

बैलगाडीतून हिंगणीला नेताना तो पत्रा सेलूपर्यंत असा खडखडला, की वाटेतली कुत्री आम्हाला पोहोचवायला आली. 'आवाज न करणारा'! मी माझी दुलई आत कोंबली, वर मामांना बसवलं, तेव्हा कुठे तो जरा शांत झाला.

पण तलावावर रेंजरसाहेबांनी होडी एका बोटाने उचलली आणि त्यांच्या मिशा फुलल्या. "वा मनोहरराव! याले म्हणते पसंती!"

माझा जीव भांड्यात पडतो न पडतो, तोच सुमनच्या आई पूजेचं ताट घेऊन आल्या. मागे सुमन.

"नवी वस्तू हाये. नारळ फोडल्याबिगर पाण्यात घालाची नाई," त्या म्हणाल्या. होडीला हळदकुंकू लावलं, स्वस्तिक काढलं. "अन् नारळ मनोहररावच्याच हातानं."

मी इकडेतिकडे पाहिलं. चौफेर चिखल. दगड औषधाला नाही.

"दगड कायले पाह्यजे? वस्तूवरच फोडा नं! मोटारीवर नाई फोडत?" आई म्हणाल्या.

आता मला ती वाऱ्यावाली आजीबाई आठवली. सुमन बघते आहे. मामा बघताहेत. आज दाखवायचंच! मी दोन्ही हातांनी नारळ डोक्यावर नेला, डोळे मिटले आणि जिवाच्या आकांताने होडीच्या चोचीवर हाणला.

फाट्! एका फटक्यात दोन शकलं!

"शाब्बास!" सगळे ओरडले.

मी डोळे उघडले. नारळाची दोन शकलं झाली होती, आणि चोचीखालचं झाळणही उकललं होतं. बोट जाईल एवढी फट! प्रसादाच्या गडबडीत ती कोणाला दिसली नव्हती. बोलावं तर मुलगी जाते, न बोलावं तर मी जातो! आणि सांगायचं तरी काय? 'तुमच्या बायकोने सांगितल्याप्रमाणे तुमची होडी फोडली'?

मी खोबऱ्याचा एक तुकडा फटीत ठोसला, त्यावर टाच दाबून बसलो आणि रामरक्षा सुरू केली.

रेंजरसाहेब गुडघ्यापर्यंतचे बूट घालून, बंदूक घेऊन मागच्या उंच फळीवर बसले. मामांनी होडी ढकलली. ती खरोखरच आवाज न करता लव्हाळ्यात शिरली.

थोड्याच वेळात खोबरं सुटलं. आधी टाच गार झाली, मग घोटा, मग मी बसलो होतो तो सगळाच भाग. समोर बदकांचा थवा उतरत होता. रेंजरसाहेबांच्या बुटांना थंडी कळत नव्हती.

"हलू नका," ते कुजबुजले.

मी कसला हलतो! माझी दातखीळ बसली होती.

"वा! बसाले असं पाह्यजे. हूं नाई का चूं नाई!"

पाणी मांडीवर आलं. त्यांनी नेम धरला. बार उडाला, बंदुकीने मागे धक्का दिला आणि होडी गपचूप खाली गेली. त्यातही आवाज केला नाही! आवाज केला तो मी.

"आई गं! मेलो! बुडालो! मामा, धावा हो!"

मी रेंजरसाहेबांच्या गळ्याला मिठी मारली आणि पाय त्यांच्या कमरेला गुंडाळले. तलावातली सगळी बदकं उडाली. बहुधा शेजारच्या तलावातलीही.

"मनोहरराव," रेंजरसाहेब मिशांतलं पाणी झटकत म्हणाले, "उभे राहा."

"बुडीन मी!"

"मी उभाच हाये. कमरेएवढं हाये पाणी."

काठावर मामा कपाळाला हात लावून बसले होते. सुमन तोंडात पदर कोंबून हसत होती. आपलं स्थळ आपल्याच हाताने बुडवलं, ह्या विचाराने मला खरंच रडू आलं. बरं झालं, तोंड आधीच ओलं होतं.

घरी मी रेंजरसाहेबांच्या कोटात बसलो होतो. (कोट बसला होता, मी आत कुठेतरी होतो.) काढून आणलेली होडी त्यांनी उलटीपालटी करून पाहिली.

"हे इथं कशानं फाटलं?"

मी खाली पाहिलं. सुमनच्या आईंनीही खाली पाहिलं. मामांनी तर डोळेच मिटले. मी म्हणालो, "पत्रा नाजूक असन."

त्यांनी त्या फटीत एक बोट घालून पाहिलं. मग रेंजरसाहेब उसासून म्हणाले, "सुमनले इचारा. तिचं काय म्हणणं हाये?"

मी कोटात आणखी खाली सरकलो. आतून सुमनचा आवाज आला. "बाबा, तुमाले जसा पाह्यजे होता तसा भेटला तं हाये! लहान, हलका. गळ्यात पडला तं तुमाले वजन तरी लागलं का? अन् डोंगा बुडेपर्यंत तोंडातून आवाज नाई. मामानं जिकडं ढकलला तिकडं गपचूप गेला!"

रेंजरसाहेब असे हसले, की होडीचा पत्रा थरथरला. त्याच आठवड्यात साक्षगंध झालं.

लग्नानंतर सुमनने सांगितलं की नारळ फुटला तेव्हाच तिला ती फट दिसली होती. "मंग बोलली काऊन नाई?" मी ओरडलो. "पाणी कमरेएवढं हाये हे मले ठाऊक होतं," ती म्हणाली. "तुमी आईचं नाव सांगता का, तेवढं पाहाचं होतं."

आज इतकी वर्षं झाली. मी अजून तितकाच हलका आहे, आवाज करत नाही आणि ढकललं तिकडे गपचूप जातो. नारळ मात्र आमच्या घरी तीच फोडते.