काळ्या तोंडाचा डेमो

"लाइट बंद कर आणि भिंतीला टेकून उभी राहा," शेठ म्हणाला.

मी उभी राहिले. मोबाइलच्या दुकानामागची माल ठेवायची खोली. खोक्यांच्या थप्प्या, मधात माणूस मावेल एवढी जागा. खिडकी नाही. समोर वरूडचे एक संत्र्याचे व्यापारी आणि त्यांची बायको. व्यापाऱ्याच्या एका हातात त्यांचा वापरातला फोन, दुसऱ्या हातात त्याच कंपनीचं नवीन मॉडेल. जुना चांगला चालत होता. मग नवा घ्यावा की नाही, एवढाच त्यांचा प्रश्न होता.

शेठ म्हणाला, "साहेब, बाकी सगळं सोडा. फरक कॅमेऱ्यात आहे. अंधारात ही पोरगी दिसली तर जगात काहीही दिसते."

ते हसले. आधी जुन्या फोननं माझा फोटो काढला, मग नव्यानं. दोन्ही फोन शेजारी धरले. बाई पुढं वाकल्या. मीही मान लांब करून पाहिलं. जुन्यात मी नव्हतेच. दात होते. डोळ्यांचं पांढरं होतं. नव्यात सगळं तोंड आलं होतं, खऱ्यापेक्षा उजळ.

"घेऊन टाका नवा," बाई नवऱ्याला म्हणाल्या. "ह्याच्यात तर ही पण माणसासारखी दिसून राहिली."

माझ्यासमोर म्हणाल्या. आवाज खाली न घेता. खोक्यांना ऐकू येत नाही, तसं मलाही येत नसेल, अशा.

मी हसले. हेच मला आजही सोसत नाही. त्या हसल्या, साहेब हसले, शेठ हसला, म्हणून मीपण हसले.

फोन विकला गेला. शेठ खूष. "आता प्रत्येक मोठ्या गिऱ्हाइकाला हेच दाखवायचं," म्हणाला. त्याला त्यानं नाव दिलं, डेमो.

मी दर्यापूरकडच्या एका खेड्यातली. आमची फुलांची शेती. झेंडू, शेवंती. बाबा आणि माय पिकवतात, माय बाजारात नेऊन विकते. बी.कॉम. झाले आणि नोकरीसाठी अमरावतीला आले. ह्या दुकानात विचारायला गेले तेव्हा शेठनं आधी आडनाव विचारलं, मग गाव, मग बाप काय करतो ते. मग म्हणाला, "ठेवतो. पण काउंटरवर 'मले-तुले' चालणार नाही. 'मला' म्हणायचं. इथं चांगली माणसं येतात."

चांगली माणसं.

मी शिकले. आज हे लिहितानाही हात आपोआप 'मला' लिहितो. माझ्या मायची भाषा त्यानं माझ्या तोंडातून काढून घेतली, आणि तोंड तेवढं कामाला ठेवलं.

माझ्यासोबत काउंटरवर आणखी एक पोरगी होती. अमरावतीचीच, गोरी. गिऱ्हाईक तिला मॅडम म्हणत. मला "ए, इकडं ये." तिला डेमोसाठी कधी आत नेलं नाही. शेठ म्हणायचा, "तिचा फोटो कोणत्याही फोनमध्ये चांगलाच येते. मग फरक कसा दिसणार?" तिला हे ऐकून लाजल्यासारखं व्हायचं. मला काय व्हायचं, ते कुणी विचारलं नाही.

गिऱ्हाईक एकमेकांना सांगू लागले. दारातूनच विचारायचे, "ती अंधारवाली कुठं आहे?" एकदा एक प्राध्यापक आले. फार सभ्य माणूस. मला म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नको हं बेटा, हे शास्त्रीय आहे. गडद त्वचेवरच सेन्सरची खरी परीक्षा होते." मग फोटो मोठा करून माझ्या गालावरचे खड्डे पाहिले. एकेक खड्डा. मला बोट लावून दाखवले. शेवटी म्हणाले, "एवढा काही फरक नाही. माझा जुनाच बरा." आणि गेले.

शेठनं राग माझ्यावर काढला. "चेहरा असा काय पाडला होता? हसायचं. दात दिसले की फोकस बसते."

घरी मी सांगितलं होतं की दुकानात कॅमेऱ्याचं काम माझ्याकडं आहे. बाबा गावात सांगायचे, पोरीकडं कॅमेऱ्याचं काम आहे.

आणि मधात मीही एकदा ठरवायला बसले, नवा फोन घ्यावा की नाही. माझा फोन जुना झाला होता. काचेला तडा गेलेला, हात लावला की विचार करत बसायचा. दुकानातल्या पोरींना नवीन मॉडेल थोडं स्वस्त मिळणार होतं. एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. शेठ जेवायला गेला होता. मी डेमोचा फोन आणि माझा फोन घेऊन एकटीच आत गेले. लाइट बंद केला. कुणी सांगितलं नव्हतं. स्वतःच स्वतःला उभं केलं.

माझ्या फोनमध्ये काळा डाग आला. नव्यात एक पोरगी आली. उजळ, नाक बारीक, गाल गुळगुळीत. मी तिच्याकडं पाहत राहिले. ती मला आवडली. ही गोष्ट कडू आहे, पण खरी आहे. वाटलं, घ्यावा. हिला खिशात घेऊन फिरावं.

तो फोटो मायला पाठवला. संध्याकाळी तिचा फोन आला.

"थे फोटोतली कोण हाय वो? तुयी मैत्रीण काय?"

"मी आहे, माय."

ती म्हणाली, "तुले काय झालं? निरी पांढरी फटक दिसून राहिली. बिमार हायस काय?"

मी नवा फोन विकत घेतला नाही. पण उभं राहणंही सोडलं नाही. मायनं तेवढंच सांगितलं होतं की फोटोतली मी नाही. भिंतीपाशी उभी असते तीही मी नाही, हे मला अजून कळायचं होतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी अमरावतीत दोघांना उसंत नसते, झेंडूवाल्यांना आणि मोबाइलवाल्यांना. माय सकाळीच झेंडूची पोती घेऊन आली होती. आमच्या दुकानापासून थोड्या अंतरावर रस्त्याच्या कडेला ढीग लावून बसली होती. दुपारी माझा डबा घेऊन दुकानात आली. चपला बाहेर काढून, अनवाणी. आत एसीची थंडी, गुळगुळीत फरशी. तिचे हात झेंडूनं पिवळे झालेले.

"कोण आहे ही?" शेठनं विचारलं.

"माझी आई."

शेठनं तिच्याकडं पाहिलं. मग माझ्याकडं. मग पुन्हा तिच्याकडं. आणि हसला.

त्या वेळी एक तरुण आपल्या आईला घेऊन आला होता. दसऱ्याला आईला नवीन फोन घेऊन द्यायचा होता त्याला. आई म्हणत होती, आहे तो काय वाईट आहे, उगाच कशाला. मुलगा म्हणत होता, कॅमेरा तर बघ. आई खुर्चीत बसून थंड पीत होती. जुना फोन मुलाच्या हातात होता.

"आजी, चला आत," शेठ मायला म्हणाला. "तुमचा फोटो काढतो."

मी काउंटरच्या पलीकडं एकाचं बिल करत होते. मला कळेपर्यंत माय आत गेलीही. मी बिल टाकून मागं गेले. लाइट बंद झाला होता. दारातून थोडा उजेड येत होता, त्यात ती दिसली. तिनं पदर नीट केला. हाताला चिकटलेली पाकळी झटकली. भिंतीला टेकून सरळ उभी राहिली, शाळेतल्या पोरीसारखी.

"ही तर लेकीपेक्षा एक नंबर," शेठ म्हणाला. "हिला पकडलं की कॅमेरा पास."

"कुठं आहे? मला तर दिसतच नाही," तरुण म्हणाला. त्यानं दोन्ही फोननं फोटो काढले आणि हसत दाराकडं वळला. "आई, ये, बघ. जुन्यात नुसतं लुगडं उभं आहे."

खुर्चीतल्या बाई उठून आल्या. पाहिलं. "खरंच की," म्हणाल्या, आणि तोंडावर रुमाल धरून हसल्या.

मायही हसत होती. म्हणाली, "मले बी दाखवा ना, कसा आला तं."

"डिलीट केला आजी," तरुण म्हणाला.

मी लाइट लावला.

"माया मायचा फोटो काढा," मी म्हणाले. 'माझ्या आईचा' नाही निघालं तोंडातून. "उजेडात काढा. अन् तिले दाखवा."

"जा, काउंटरवर जा," शेठ म्हणाला.

"नाई जात. तुमाले अंधारातच पाह्यचं असन तं आता यायच्या मायले उभं करा." मी त्या बाईंकडं बोट केलं. "आमच्या दोघीयचं झालं."

बाईंचा रुमाल खाली आला. मग त्या मुलाला म्हणाल्या, "माझी बरोबरी करते का ही?" मुलगा माझ्याकडं नाही, शेठकडं पाहू लागला.

"तोंड सांभाळून बोल," शेठ म्हणाला.

"तोंडच तं सांभाळून राहिली एवढे दिवस. तुमच्यासाठी. आता हे तोंड तुमाले नाई देत."

"उद्यापासून येऊ नको."

मी गळ्यातलं दुकानाचं ओळखपत्र काढलं, एका खोक्यावर ठेवलं. डबा उचलला, मायचा हात धरला. दारात ती चपला घालत होती, तेव्हा आतून शेठचा आवाज आला. "माफ करा ताई, तुम्हाला उगाच त्रास झाला. कव्हर माझ्याकडून." त्या मायलेकांनी फोन घेतला. तोच. त्रास त्यांना झाला होता.

रस्त्यानं चालताना मी एकच विचार करत होते, मायला कसं सांगायचं. तिला काही कळलं नसेल, असंच मी धरून चालले होते. शिकलेली मी. ढिगापाशी पोचलो. ती पोत्यावर बसली. मी म्हणाले, "माय, ते तुझा फोटो नव्हते काढत. ते..."

"मले समजलं व्हतं," ती म्हणाली. "मी काई भैरी नाई."

"मंग उभी कावून राहिली?"

"तुयी नोकरी हाय तेथं."

"अन् हासत कावून व्हती?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. "तू नाई हासत काय?"

तिनं सगळं ओळखलं होतं. मी रोज तिथं उभी राहते, हेही.

एक गिऱ्हाईक आलं. तिनं भाव सांगितला. फुलं तोलली. तो गेल्यावर झेंडूवर पाणी शिंपडत म्हणाली, "तुया बाबाले सांगू नको. त्यायच्या जिवाले लागन."

म्हणजे हेही ती गिळणार होती. असं किती गिळलं असेल तिनं आजवर, बाजारात, बसमध्ये, दवाखान्यात, कुणाकुणासमोर. आम्हाला घरी फक्त फुलाचा भाव कळायचा. तिच्या गप्प राहण्यावर माझं शिक्षण झालं. ते मी नाकारत नाही. पण तिचं गप्प राहणं मी वारशात घेणार नाही.

त्याच संध्याकाळी गावी जाऊन मी बाबांना सांगितलं. सगळं. माय उभी होती ते, जुन्यात नुसतं लुगडं उभं आहे ते. बाबांचा हात ताटात तसाच राहिला. मग ते उठून बाहेर गेले. माय त्यानंतर बरेच दिवस माझ्याशी बोलली नाही. घरातला दसरा तसाच गेला. मी सांगितल्याचं मला वाईट वाटत नाही.

अमरावतीत दुसरं काम मिळालं नाही. जिथं जावं तिथं आधीच शेठचा निरोप पोचलेला, पोरगी भांडखोर आहे. शेवटी अकोल्याला आले. इथं एका मोबाइलच्या दुकानात विचारलं. मालकानं आधीची नोकरी का सोडली ते विचारलं. मी सांगितलं, एक शब्द न गाळता. ते म्हणाले, "आमच्याकडं असलं काही नाही. पण गिऱ्हाईक काही म्हणालं तर थोडं चालवून घ्यावं लागते."

"नाई चालवून घेत," मी म्हणाले.

दिवाळीची गर्दी होती, त्यांना माणूस हवं होतं. ठेवलं. कधीही काढतील. कुणी विचारलं, नवा घेण्यासारखा आहे का, कॅमेरा कसा आहे, की मी फोन त्याच्याच हातात देते. "स्वतःचा फोटो काढून पाहा," म्हणते. काही चिडतात. चिडू द्या.

मागच्या आठवड्यात अमरावतीच्या त्या गोऱ्या पोरीचा फोन आला. दुकानातूनच, हळू आवाजात. म्हणाली, आणखी नवीन मॉडेल आलं आहे. माझ्या जागी तेल्हाऱ्याची एक पोरगी ठेवली आहे, माझ्यापेक्षा काळी. "तिलाच आत नेतात गं," म्हणाली आणि रडायला लागली. मी तिला म्हटलं, रडू नको, तिचा नंबर दे.

तेल्हाऱ्याच्या पोरीला फोन लावला. मी कोण ते सांगितलं. ती म्हणाली, "मले काई वाटत नाई ताई. गंमत करतेत थे. मी बी हासून देते." आणि गिऱ्हाईक आलं म्हणून फोन ठेवला.

मी तिला समजावलं नाही. त्या दिवसांत मला कुणी समजावलं असतं, तर मीही हेच म्हणाले असते.

अकोल्याच्या दुकानाला मंगळवारी सुट्टी असते. अमरावतीचं दुकान त्या दिवशी उघडं असते. येत्या मंगळवारी मी तिथं जाणार आहे. दुकानाच्या दारासमोर, रस्त्यावर, भर दुपारी उभी राहणार आहे. आत जाणाऱ्या प्रत्येक माणसाला सांगणार आहे की मागच्या खोलीत काय चालते. माझं नाव सांगून सांगणार, शेठचं नाव घेऊन सांगणार. शेठ हाकलेल. पोलिसांना बोलावेल. अकोल्याच्या मालकांच्या कानावर जाईल आणि ही नोकरीही जाईल. तेल्हाऱ्याची पोरगी बाहेर येऊन माझ्यावरच ओरडेल, ताई माया पोटावर कावून मारता म्हणेल. ते ऐकायची तयारी ठेवली आहे. ते ऐकून मी हलणार नाही. आणि त्याच्या पुढच्या मंगळवारी परत जाणार आहे.