डावी कड

मधुमामा गेल्याचा फोन शेजाऱ्यांकडे आला, तेव्हा मी कॉलेजला निघाले होते. धंतोलीच्या दवाखान्यात ते जेमतेम दोन दिवस होते. नंतर महाल भागातल्या त्यांच्या घरी माणसं येत राहिली आणि जो तो म्हणायचा, "काय धावायचा मधू!" मी कोपऱ्यात बसून एकेक चेहरा पाहत होते. यातल्या किती जणांनी एके काळी त्यांना लबाड म्हटलं होतं...?

मामा ट्रॅकवरचे. दहा हजार मीटरमध्ये विदर्भात त्यांना जोड नव्हती. तिशी उलटल्यावर वेग उतरू लागला, तेव्हा ते मॅरेथॉनकडे वळले. पहिल्याच शर्यतीत दुसरे आले, आणि संध्याकाळपर्यंत कुजबुज सुरू झाली. वाटेतल्या पाण्याच्या टेबलांवर त्यांना कोणी पाहिलंच नव्हतं. मधला रस्ता गाडीवर काढला असणार, असं ठरलं. पदक काढून घेतलं.

"पाणी का नाही घेतलंत?" मोठी झाल्यावर मी एकदा विचारलं.

"दहा हजारात कोण पाणी पिते वं? सवयच नव्हती. अन् टेबलं होती उजवीकडं. ट्रॅकवर आतली, डावी कड सोडली का अंतर वाढते, म्हणून मी आपला रस्त्यावरही डाव्याच कडेनं." मग माझ्याकडे रोखून पाहत, "काहून? तुलेबी शक आहे?"

मी नाही म्हटलं. पण शाळेपासून मला पुरावा मागायची सवय, आणि तो मामांकडे नव्हता. नंतर ते कुठल्याच शर्यतीत उतरले नाहीत. पहाटे मात्र रोज त्याच रस्त्यानं धावून यायचे.

तेराव्याला धावणाऱ्यांच्या क्लबचे एक वयस्क गृहस्थ आले. त्या शर्यतीत ते शेवटच्या टेबलावर पाणी द्यायला होते. "लय इमानदार माणूस," ते म्हणाले.

मला राहवलं नाही. "त्या दिवशी ते तुम्हाला खरंच दिसले नव्हते?"

ते चुळबुळले. "एक जण गेला होता पलीकडून. लांबून नंबर दिसला नाही. पाणी न घेता सरळ गेला... मॅरेथॉनवाला पाणी सोडते काय? मले वाटलं, असंन कोणी सकाळचा धावणारा."

मामी भिंतीला टेकून बसल्या होत्या. "हे तेव्हाच काहून नाही सांगितलं, भाऊजी?"

"पाणी घ्यायले आला होता का, एवढंच विचारलं शर्यतवाल्यांनी, वहिनी."



गेल्या आठवड्यात मी मामींच्या सोबतीला राहिले होते. पहाटे दाराची कडी काढल्याचा आवाज आला. मामा धावून परतले की दार ढकलून आत यायचे, म्हणून ते यायच्या वेळेला मामी ती काढून ठेवायच्या. मामी पुन्हा येऊन झोपल्या. दाराला कडी नसली की मला झोप लागत नाही... पण मी उठून कडी लावली नाही.