शनिवारी अकरा वाजताचा मार्च

"गेला बग परत. आपल्याला हितंच ठिवून गेला," इस्त्री फिरवता फिरवता म्हातारबाबा म्हणाले.

मी वराळ्यातल्या एका शिलाईच्या दुकानात बाकावर बसले होते. कुर्त्याच्या बाह्या आखूड करून घ्यायच्या होत्या. कोण गेलं म्हणून मी आधी रस्त्याकडे पाहिलं. रस्त्यावर एक टँकर उभा होता, बाकी कोणी नव्हतं. मग फळीवरच्या रेडिओत निवेदिकेचा आवाज आला, लहान मुलांच्या लसीकरणाची सूचना सुरू झाली, आणि माझ्या लक्षात आलं की म्हातारबाबा नुकत्याच संपलेल्या संगीताबद्दल बोलत होते.

तो कार्यक्रम माझा होता. तळेगावच्या एका कॉलेजात छोटं रेडिओ केंद्र आहे, आसपासच्या दहाबारा गावांत ऐकू येतं. शिक्षण संपल्यावर मी तिथे संकलनाचं काम करू लागले. दर शनिवारी अकरा वाजता पंधरा मिनिटं मार्चचं संगीत, म्हणजे चालत्या पलटणीसाठी, मिरवणुकीसाठी, कधी अंत्ययात्रेसाठी रचलेलं बँडचं आणि वाद्यवृंदाचं पाश्चात्त्य संगीत. निवड माझी, माहिती माझी, पण वाचायची दुसरी मुलगी. माइकसमोर माझा आवाज घशातच राहतो. मी हे करते हे घरीही धड कुणाला माहीत नव्हतं.

मार्चच का, असं मला केंद्रात सगळ्यांनी विचारलं होतं. मी खांदे उडवले. खरं कारण सांगण्यासारखं नव्हतं. लोणावळ्याच्या माझ्या इंग्रजी शाळेत क्रीडादिनाला संचलन असायचं आणि दहा वर्षांत एकदाही माझा पाय बरोबर पडला नाही. शेवटच्या रांगेत कडेला मला उभं करायचे, म्हणजे पाहुण्यांना दिसू नये. बाकीच्या मुलींच्या पायांना ते संगीत काहीतरी सांगत होतं आणि माझ्या पायांना सांगत नव्हतं. काय सांगत होतं, एवढंच मला शोधायचं होतं.

आणि आता इथे एक माणूस म्हणत होता की बँड त्याला ठेवून गेला.

विचारायला हवं होतं. मी कुर्ता घेतला, पैसे दिले आणि निघून आले.

पुढच्या शनिवारी पावणेअकराला मी दोन उशांचे अभ्रे शिवायला घेऊन गेले. घरात अभ्रे भरपूर होते. दुकान चालवणाऱ्या मावशींनी कापड उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाल्या, "एवढ्यासाठी आलीस? बस, लगेच देते." म्हातारबाबा त्यांचे सासरे. त्यांना सगळे आबा म्हणत. शिवून झालेल्या ब्लाउजना, कुर्त्यांना इस्त्री करायचं काम त्यांचं. बाहीची घडी अशी कडक पडायची की हात लावायला भीती वाटावी.

अकरा वाजले. मार्च सुरू झाला. मी तिरक्या नजरेने बघत होते. आबांची इस्त्री संगीताबरोबर चालत होती, एका ठोक्याला पुढे, एका ठोक्याला मागे. गंमत म्हणजे मावशींचं मशीनही.

"आबा, ह्या तुमच्या बँडपायी माजी टीप लांब लांब पडती," मावशी म्हणाल्या. "गिऱ्हाईक मला बोलतं, तुमाला न्हाई."

"पाय आवर की मग. मशीन तू चालवती का बँड चालवतो?"

"आज बँडच चालवतोय!"

मी हसले. कुणाचं लक्ष नव्हतं. साडेतीन मिनिटं झाली आणि नेहमीप्रमाणे आवाज उतरत गेला. मला ते उतरणं आवडायचं. मीच करत असे, संगणकाच्या पडद्यावरची आवाजाची रेघ माऊसने हळूच खाली ओढून. एकदम तोडण्यापेक्षा ते सभ्यपणाचं वाटायचं.

आबांनी इस्त्री उभी करून ठेवली. "गेला."

"कुटं गेला? रेडिओ हितंच हाय की," मावशी म्हणाल्या.

"तुला न्हाई कळायचं. मी सव्वीस वर्षं पलटणीच्या बँडात मोठा ड्रम वाजवला. डावा पाय कुणाच्या जिवावर टाकतात? माज्या ठोक्याच्या. थांबायचं असलं की मी आदी दोन ठोके लागोपाठ मारणार, धाड धाड. मग समद्यांना कळतं, आता संपतंय. मग समदे एकदम गप. असा आवाज बारीक करून कुटली पलटण थांबती? आवाज बारीक व्हतो म्हंजे बँड लांब चालला. मोडावरून पलीकडं गेला. आन् आपण रस्त्याच्या कडंला."

"मग जावा की मागनं पळत."

"गुडगं दे तुजं."

मी अभ्रे घेऊन बाहेर आले तेव्हा डोकं चक्रावलं होतं. मी ज्याला शेवट समजत होते, तो ऐकणाऱ्याला निघून जाणं वाटत होता. आणि डावा पाय मोठ्या ड्रमवर टाकायचा असतो, हे दहा वर्षांत मला कुणी सांगितलंच नव्हतं. मी तुतारीसारख्या वरच्या सुरांकडे कान लावून चालायचे. त्या रात्री नाही, लगेच, घराच्या रस्त्यावरच मी कानात इअरफोन घालून तो मार्च लावला आणि वरचं सगळं सोडून तळाचा ठोका शोधला. डावा. डावा. समोरून दूधवाला आला तेव्हा थांबले.

सोमवारी केंद्रात गेले तर कार्यक्रमप्रमुख मॅडमनी बोलावलं होतं. पुढच्या महिन्यापासून शनिवारची ती पंधरा मिनिटं बचत गटांच्या पाककृतींना द्यायची होती. आवाजात राग नव्हता. "तू मेहनत करतेस गं, पण ऐकतं कोण? एक फोन नाही, एक चिठ्ठी नाही. या महिन्यात एक तरी श्रोता आण, लेखी फर्माईश, सहीसकट. मग चालू ठेवू."

"आणि फर्माईश आली तर रचना पूर्ण वाजवता येईल?" मी विचारलं. एवढं मी विचारलं याचंच त्यांना आश्चर्य वाटलं. केंद्राचा नियम होता, नुसतं वाद्यसंगीत चार मिनिटांच्या वर सलग वाजवायचं नाही, लोक दुसरीकडे वळतात म्हणून.

"फर्माईश असेल तर वाजव पूर्ण."

मी फॉर्म घेतला. जागेवर बसून आधी एक वाईट गोष्ट केली. कुरवंडे गावचे एक शेतकरी मनानेच तयार केले, त्यांना एक नाव दिलं, आणि त्यांच्या वतीने चार ओळी लिहिल्या, की आम्ही सहकुटुंब दर शनिवारी आवर्जून ऐकतो. वाचून पाहिलं. 'सहकुटुंब' आणि 'आवर्जून' हे शब्द निवेदनाच्या कागदावरून उचललेले स्पष्ट दिसत होते. कागद फाडला. आणखी एक कोरा फॉर्म मागून घ्यायला अर्धा तास गेला, कारण आधीच्याचं काय केलंस असं कुणी विचारलं तर काय सांगायचं, हे ठरत नव्हतं.

खरा श्रोता मला माहीत होता. पण त्याला फॉर्म द्यायचा म्हणजे आधी हे सांगायचं, की तुम्हाला दर आठवड्याला रस्त्याच्या कडेला सोडून जाणारी मीच.

महिन्याचा शेवटचा शनिवार आला. या वेळी शिवायला काहीच नव्हतं, म्हणून चांगल्या सलवारीचा शिवलेला काठ मीच घरी उसवला आणि घेऊन गेले. फॉर्म पर्समध्ये, चार घड्या घालून.

त्या दिवशी मी संथ मार्च लावला होता, शोकाचा. पहिल्या चार ठोक्यांतच आबांनी हातातला ब्लाउज बाजूला ठेवला. इस्त्रीचं बटण बंद केलं. खुर्चीवर बसले आणि गुडघ्यावर पंजा ठेवून हलकेच ठोका देऊ लागले. मावशींनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि मशीन थांबवलं.

"हे लय अवघड असतं," आबा म्हणाले, कुणालाच नाही असं. "जलद कुणीबी चालंल. हे सावकाश चालताना तोल जातो. ड्रमवर काळं कापड घालायचे, आवाज दबका यायला. आमच्या बँडच्या मास्तरांना असंच पोचवलं देहूरोडला. मी वाजवलं. पार शेवटपतूर वाजवलं."

मला माहीत होतं पुढे काय येणार. तीन मिनिटं पंचवीस सेकंद. तीस. आवाज उतरू लागला. आबांचा पंजा गुडघ्यावर पडत राहिला, रेडिओत निवेदिका बोलू लागली तरी अजून दोनदा पडला, मग थांबला.

"सूनबाई, पुढल्या शनिवारी ह्यो लावू नगंस," ते म्हणाले. "दुसरं कायबी लाव. दर टायमाला मागं राहायचा कटाळा आला."

"बरं," मावशी म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "हां, तुजं काय गं? सलवार व्हय? हा काठ तर कुणीतरी मुद्दाम उसवलाय."

हो म्हणून बाहेर पडणं सोपं होतं, ती सवय होती. आबा इस्त्रीचं बटण पुन्हा चालू करायला उठले होते. मी पर्स उघडली, फॉर्म काढला. चार घड्या उलगडताना तो एका बाजूने फाटला.

"आबा," मी म्हटलं, आणि आवाज एवढा मोठा निघाला की दोघंही दचकले, "तो कार्यक्रम मी करते. कापतेपण मीच. तुम्ही इथे सही केलीत ना, तर हाच मार्च पुढच्या शनिवारी मी शेवटपर्यंत लावीन."